गावशिवाराचं आरोग्य (भाग ४) : मेलेल्या पक्ष्याची खबर द्या

मागच्या आठवड्यात आपण कोंबड्यांच्या राणीखेत रोगाविषयी वाचलं. आजचा विषय त्याला लागूनच आहे : बर्ड फ्लू आणि रानपक्षी.

खानदेशाला हा रोग नवा नाही. देशातली पहिली साथ फेब्रुवारी २००६ मध्ये शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला उघड झाली. कोंबड्या मरू लागल्या तेव्हा आधी राणीखेतचाच संशय घेतला गेला. पुढच्याच महिन्यात आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या गावांत, घरोघरच्या कोंबड्यांत बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू सापडला.

हा विषाणू रानबदकांच्या पोटात अनेकदा लक्षणांविना राहतो. विष्ठेतून तो पाण्यात उतरतो आणि गार पाण्यात बरेच दिवस टिकतो. म्हणून तामसवाडीच्या बोरी धरणासारख्या पाणवठ्यांवर हिवाळ्यात नजर हवी. कावळा मेलेलं खातो आणि गावात येतो, त्याच्यासोबत विषाणूही येऊ शकतो. जानेवारी २०२१ मध्ये दापोली, बीडकडे आणि जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळेच या रोगाने मेले. २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात ३ वाघ आणि १ बिबट्या दगावले, तेही एच५एन१मुळेच.

एखादा कावळा विजेच्या धक्क्यानेही मरतो. पण एकाच जागी बरेच पक्षी मेलेले दिसले, मान वाकडी झालेला, थरथरणारा, उडता न येणारा पक्षी दिसला, तर त्याच दिवशी कळवा. मृतदेह कुजला की तपासणी अवघड होते.

कळवायचं कुठे? जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना किंवा पशुसंवर्धन विभागाचा १९६२ क्रमांक. रानपक्षी असेल तर वनविभागाचा १९२६ क्रमांकही. जागा, पक्ष्याची जात, संख्या आणि कधी दिसलं ते सांगा. फोटो लांबूनच काढा. नमुने पुण्याच्या रोग अन्वेषण विभागामार्फत भोपाळच्या प्रयोगशाळेत जातात.

पथक येईपर्यंत पक्ष्याला हात लावू नका. मुलांना, कुत्र्या-मांजरांना लांब ठेवा. मेलेला पक्षी नाल्यात, उकिरड्यावर फेकू नका. आजारी पक्षी घरी आणून पाणी पाजण्याचा मोह आवरा. चुकून हात लागलाच तर साबणाने स्वच्छ धुवा, कपडे बदला. पुढच्या १० दिवसांत ताप, खोकला आला किंवा डोळे लाल झाले तर डॉक्टरांकडे जा आणि पक्ष्याचा संपर्क आवर्जून सांगा. नीट शिजवलेलं चिकन, अंडी खायला हरकत नाही.

खबर दिली तर आपल्या कोंबड्या मारतील, ही भीती गावोगाव आहे. ती समजण्यासारखी आहे, पण रानपक्ष्यात विषाणू सापडला म्हणून लगेच कोंबड्या मारत नाहीत. आधी त्यांचे नमुने तपासतात. खुराड्यात रोग सिद्ध झाला की मात्र १ किलोमीटर परिघातल्या कोंबड्या नष्ट कराव्या लागतात. भरपाईही सरकारने नष्ट केलेल्या कोंबड्यांची मिळते, आधीच रोगाने मेलेल्यांची नाही. लपवण्यात नुकसान आपलंच आहे. शिवाय जनावरांच्या साथरोगांविषयीच्या २००९ च्या कायद्यानुसार रोगाचा संशय आल्यास जनावरं पाळणाऱ्याने तो ग्रामपंचायतीला कळवणं बंधनकारक आहे.

१९६२ आणि १९२६ हे दोन क्रमांक आजच ग्रामपंचायतीच्या आणि शाळेच्या फलकावर लिहून घ्या. मेलेला पक्षी बहुधा गुराखी आणि शाळकरी पोरांनाच आधी दिसतो. त्यांना हे नक्की सांगा.