ट्रकच्या इंजिनातील इंधनाचा ताळेबंद

म्हैसूरहून नंजनगूडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर कडकोळ हे गाव लागते. गावाजवळ औद्योगिक वसाहत असल्यामुळे तेथे ट्रकांची वर्दळ असते. हाच रस्ता पुढे गुंडलुपेटवरून बंदीपूरच्या अरण्यात शिरतो. वन्य प्राण्यांच्या रक्षणासाठी तेथे २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहापर्यंत वाहतुकीस बंदी आहे. अशा वाटेवर इंजिनाची ताकद कमी पडून नऊची वेळ चुकली, तर भाजीपाल्याने भरलेल्या गाडीला रात्र नाक्याबाहेर काढावी लागते. इंजिनातील दोषाचे निदान म्हणूनच केवळ कारागिराच्या कुतूहलाचा विषय राहत नाही. त्यात गाडीमालकाची रोजी गुंतलेली असते.

पेट्रोल वा सीएनजीवर चालणाऱ्या लहान ट्रकांत हे निदान पुष्कळदा एका आकड्यापासून सुरू होते. त्याला कारखान्यात ‘फ्युएल ट्रिम’ म्हणतात. एक किलो पेट्रोल पुरते जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. सीएनजीला सुमारे १७ किलो. हे प्रमाण टिकते की नाही, हे धुराच्या नळीत बसविलेला ऑक्सिजन सेन्सर सांगतो. धुरात ऑक्सिजन अधिक दिसला, तर मिश्रण विरळ आहे असे समजून इंजिनाचा संगणक इंधन वाढवितो. कमी दिसला, तर घटवितो. या वाढघटीची टक्केवारी म्हणजेच ट्रिम होय.

ट्रिम दोन प्रकारची असते. आमटी चाखून सुगरण चिमूटभर मीठ घालते, ती तात्कालिक दुरुस्ती. या बरणीतले मीठ अळणी आहे हे ओळखून ती उद्यापासून आधीच थोडे जास्त घालू लागते, ती दीर्घकालीन दुरुस्ती. दोहोंची बेरीज साधारणतः ५ टक्क्यांच्या आत असावी. ती सतत १० टक्क्यांच्या वर किंवा उणे १० च्या खाली राहिली, तर कारण शोधले पाहिजे. मात्र आकडे वाचण्यापूर्वी इंजिन पुरते तापलेले असावे.

आता हा आकडा सर्व परिस्थितींत सारखा नसेल तर? खरे पाहता हा असमानपणाच शोधाची दिशा दाखवितो. समजा, हवेच्या मापकापुढील रबरी नळीला चीर पडली आहे. इंजिन जागेवर हळू फिरत असता मापकातून सेकंदाला तीन ग्रॅम हवा जाते आणि चिरेतून अर्धा ग्रॅम न मोजलेली हवा शिरते. ही वाढ सुमारे १७ टक्क्यांची झाली. भार घेताना मापकातून तीस ग्रॅम हवा जाऊ लागली की तोच अर्धा ग्रॅम दोन टक्क्यांहूनही कमी ठरतो. म्हणून जागेवर आकडा मोठा आणि वेगात लहान असेल, तर प्रथम हवेची गळती शोधावी. नळीतील दाबावरून हवेचा अंदाज घेणाऱ्या इंजिनात मात्र अशी गळती ट्रिमपेक्षा वाढलेल्या फेऱ्यांतून अधिक दिसते.

याउलट जागेवर सारे ठीक आणि चढावर आकडा वाढत जात असेल, तर इंधनाचा पुरवठा अपुरा आहे असे मानावे: तुंबलेला फिल्टर, थकलेला पंप, सीएनजी गाडीत दाब-नियंत्रक. मळलेला हवामापकही वेगात हवा कमी मोजून असाच भास निर्माण करतो. दोन रांगांच्या इंजिनात एकाच रांगेचा आकडा बिघडला, तर दोष त्याच बाजूचा. दोन्ही बिघडले, तर दोहोंना सामाईक भागाचा.

सेन्सरची साक्षही तपासून घ्यावी लागते. त्याच्या अलीकडे धुराची नळी फुटली, तर बाहेरची हवा आत ओढली जाते. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही, तर न वापरलेला ऑक्सिजन धुरात येतो. दोन्ही वेळा मिश्रण विरळ असल्याचा खोटा निर्वाळा मिळतो. तेव्हा निर्दोष सेन्सर बदलण्यात पैसा जातो आणि संगणक नाहक इंधन ओततच राहतो.

मोठ्या डिझेल ट्रकांची रीत निराळी. तेथे हवा नेहमीच गरजेहून अधिक असते. म्हणून अनेक आधुनिक इंजिनांत प्रत्येक सिलिंडरच्या स्फोटानंतर दांड्याचा वेग किती वाढला यावरून संगणक दुबळ्या सिलिंडरला जास्त डिझेल देतो. एकाच सिलिंडरची दुरुस्ती फार मोठी दिसली, तर आधी त्याचे कॉम्प्रेशन मोजावे. ते योग्य असल्यास त्याचा इंजेक्टर शेजारच्याशी बदलून पाहावा व आवश्यक तेथे त्याचा सांकेतिक क्रमांक संगणकात नव्याने नोंदवावा. दोष इंजेक्टरबरोबर सरकला, तर इंजेक्टर सदोष. तेथेच राहिला, तर कारण सिलिंडरमध्ये किंवा वायरिंगमध्ये आहे.

गळती शोधण्यासाठी तापलेल्या इंजिनावर पेट्रोल शिंपडणे हा आगीशी खेळ आहे. त्याऐवजी धूर सोडणारे यंत्र वापरावे. सीएनजीच्या जोडांना साबणाचे पाणी पुरते. दुरुस्तीनंतर संगणकाने साठविलेले जुने आकडे पुसून गाडी जागेवर, सपाटीवर व चढावर अशी तिन्ही प्रकारे चालवून पाहावी. तिन्ही ठिकाणी आकडे शून्याच्या जवळ आले, तरच काम पुरे झाले असे समजावे.