गिटारला हात, सनईला वाचा

नागपूरच्या गांधीबागेत लग्नसराईत कापडाच्या दुकानांसमोरून वरात निघाली, की कोणी हिंदीत म्हणतं ‘बँड बज रहा है’, तर कोणी मराठीत ‘बँड वाजतोय’. बजना आणि वाजणे सख्खी भावंडं आहेत. दोन्हींचं मूळ संस्कृत ‘वाद्यते’, आणि त्याच्याही तळाशी ‘वद्’, म्हणजे बोलणे. वाजवणारा वाद्याला बोलतं करतो, असं आपल्या भाषांनी फार पूर्वीच ठरवून टाकलं.

इंग्रजाचा हिशेब वेगळा. क्रिकेट असो की पियानो, तो दोन्ही ‘प्ले’ करतो. जर्मनही वाद्य ‘खेळतात’च. स्पॅनिश माणूस मात्र फुटबॉल खेळताना ‘हुगार’ म्हणतो आणि गिटार हाती घेतली की ‘तोकार’. तोकारचा साधा अर्थ हात लावणे, स्पर्श करणे. दारावर थाप मारायची, देवळाची घंटा वाजवायची, तरी तोकारच. इंग्रजीवरून शब्दाला शब्द लावत गेलेला नवशिका गिटारशी ‘हुगार’ जोडतो आणि वाद्याचं खेळणं करून टाकतो. मराठी माणसाने इंग्रजीचा वळसा घेतला नाही तर ही चूक होणारच नाही. खेळणं आणि वाजवणं आपल्याकडेही वेगळंच आहे.

स्पेनमधल्या अंदालुसियाच्या फ्लेमेन्को या कलाप्रकारात तर गाणं म्हणजे ‘कान्ते’, नाच ‘बाइले’, गिटारवादन ‘तोके’ आणि वादक ‘तोकाओर’. टाळ्यासुद्धा ‘तोकार’ करतात, जशा आपण वाजवतो. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने १३व्या शतकात ‘संगीतरत्नाकरा’त गीत, वाद्य आणि नृत्य मिळून संगीत, अशी व्याख्या केली होती. इतक्या दूरच्या दोन परंपरांनी तीच तीन अंगं मोजावीत, याचं मला नवल वाटतं.

वाक्प्रचारांत मात्र स्पर्शही दरवेळी कामाचा नाही. नोटेशन न पाहता, नुसतं ऐकून वाजवणं हे स्पॅनिशमध्ये ‘तोकार दे ओइदो’, कानाने वाजवणं. इथवर इंग्रजीच्या ‘प्ले बाय इअर’शी जमतं. पण त्याच इंग्रजी शब्दांनी ‘वेळ येईल तसं बघू’ म्हणायचं असेल, तर स्पॅनिशमध्ये कान गळतो आणि ‘चालता चालता’ अशा अर्थाचे शब्द येतात. इंग्रज स्वतःची तुतारी फुंकतो, आपण स्वतःची टिमकी वाजवतो, आणि स्पॅनिश माणूस वाद्य बाजूला ठेवून स्वतःवरच फुलं उधळतो: ‘एचार्से फ्लोरेस’.