आयरिश ब्रेकफास्ट : कडक चहाचं मिश्रण

आयरिश ब्रेकफास्ट हे काळ्या चहाचं दमदार मिश्रण आहे. त्याचा कणा असतो आसामचा चहा. जोडीला बहुधा केनिया किंवा रवांडाचा. आसामच्या चहातून भाजलेल्या धान्यासारखा गोडसर, भरदार स्वाद येतो, तर पूर्व आफ्रिकेचा चहा तरतरी आणि लालसर तेज देतो. कॉर्क शहरात 1901 साली सुरू झालेल्या बॅरीज टीची मिश्रणं याच धाटणीची आहेत.

बहुतेक पत्ती सीटीसी पद्धतीची असते. यंत्रात पानं चिरडून, फाडून, वळून त्यांचे बारीक दाणे बनवतात. दाण्यांतून अर्क झपाट्याने उतरतो, म्हणून रंग चटकन गडद होतो.

कपाला एक चमचा, म्हणजे साधारण 2 ते 3 ग्रॅम पत्ती पुरते. किटली आधी गरम करून घ्यावी, पाणी खळखळ उकळतं ओतावं आणि 4 मिनिटं झाकून ठेवावं. चहा अजून कडक हवा असेल तर वेळ वाढवण्यापेक्षा पत्ती वाढवणं केव्हाही चांगलं. फार वेळ मुरलेला चहा तुरट होतो.

चव पारखताना पहिला घोट बिनदुधाचाच घ्यावा, तोही आवाज करत ओढून. हवा मिसळल्याने वास नाकापर्यंत पोचतो. जिभेवरचा भरीवपणा आणि हिरड्यांवरची तुरट चुणूक वेगवेगळी ओळखावी. मग दूध घालावं. दुधातलं केसीन टॅनिनना बांधून तुरटपणा मऊ करतं. दूध घातल्यावरही चहाची चव ठसठशीत राहिली, तर मिश्रण उत्तम समजावं.