डीएनएवरचे जेर-पेश कसे वाचतात?

उर्दूत अलिफ आणि सीन ही दोनच अक्षरं लिहिली, तर 'इस' वाचायचं की 'उस'? खाली जेर असेल तर 'इस', वर पेश असेल तर 'उस'. लोणी भापकरसारख्या गावात उर्दू शिकणारं लहान मूलही हे सांगेल. आपल्या डीएनएचंही थोडं असंच आहे. त्याची अक्षरं चारच: ए, टी, जी, सी. पण 'सी'वर कधी कधी मिथाइल नावाचा बारीक रासायनिक गट बसतो. अक्षर तेच राहतं, मात्र जीन चालू की बंद, यावर त्या खुणेचा परिणाम होतो.

अडचण ही, की प्रयोगशाळेत डीएनएच्या नकला काढल्या की खूण गळते. उर्दू वर्तमानपत्रात जेर-पेश छापत नाहीत ना, तसं. 1992 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी यावर तोड काढली. सोडियम बायसल्फाइट टाकलं की साधा 'सी' बदलतो आणि 'टी' म्हणून वाचला जातो. खूण असलेला 'सी' तसाच राहतो. आधीचं आणि नंतरचं वाचन शेजारी ठेवलं की खुणा कुठे होत्या ते कळतं. (निर्यातीच्या द्राक्षपेटीत जो कागद ठेवतात, त्यातही याच घराण्यातलं रसायन असतं.) पण यात डीएनएचे तुकडे होतात. म्हणून आता नॅनोपोर यंत्रात डीएनएचा धागा सूक्ष्म छिद्रातून ओढतात; विजेच्या प्रवाहातल्या फरकावरून खूण थेट कळते.

आपल्या घराशी याचा संबंध काय? मिथाइल गटाच्या कामाला बी-12 आणि फोलेट लागतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर महिलांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. दोन-तृतीयांश महिलांत बी-12 कमी निघालं. ज्या आयांत फोलेट भरपूर पण बी-12 कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिन नीट लागू पडत नसल्याचं जास्त दिसलं. मधुमेहाची वाट इथूनच सुरू होते. पुढे हैदराबादच्या सीसीएमबीतल्या शास्त्रज्ञांना बी-12 दिलेल्या मुलांत मधुमेहाशी संबंधित काही जीन्सवरच्या खुणा बदललेल्या आढळल्या. अर्थात, नुसत्या खुणा पाहून एखाद्या मुलाला पुढे साखर होईल का, हे आज सांगता येत नाही.

'आपण तर गोश्त खातो, आपल्याला काय कमी?' असं पालक आम्हाला म्हणतात. बी-12 मटण, मासळी, अंडी, दुधात असतं हे खरं. पण घरात शिजलं म्हणजे गरोदर सुनेच्या ताटात पडलंच असं नाही. ती अनेक घरांत शेवटी जेवते. फॉलिक अॅसिडची गोळी मात्र कोणी बंद करू नये, बाळाच्या मेंदू-मणक्यासाठी ती लागतेच. बी-12ची रक्ततपासणी करायची का, हे पुढच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना विचारा.