सांगाडा शाबूत असेल तर

बसमधली शेवटची सीट उतरवली की आतली जागा एकदम अंगावर येते. चाळीसेक मुलांची शाळेची बस म्हणजे आतून साधारण साडेसात मीटर लांब आणि सव्वादोन मीटर रुंद. हिशेब केला तर साधारण एकशे ऐंशी चौरस फूट. मुंबईच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची असते आणि त्या खोल्यांत लग्नं, बाळंतपणं, अभ्यास, आजारपणं, सगळं पिढ्यान्‌पिढ्या झालं. त्यामुळे एवढ्याशा जागेत माणसं कशी राहणार, हा प्रश्न मराठी वाचकाला पडू नये. खरा प्रश्न वेगळा आहे. चाळीची खोली हलत नाही. बस खड्ड्यातून जाते, घाट उतरते, उन्हात तापते आणि पावसात भिजते. जुन्या बसचं घर करणाऱ्याला हे सगळं ध्यानात ठेवूनच पहिला स्क्रू पिळावा लागतो.

सीट निघताना बहुधा त्रास देतात. बोल्ट गंजून बसलेले असतात, पान्याने फिरत नाहीत, शेवटी ग्राइंडर लावावा लागतो. मग फरशीवरची मॅट उचकटायची. तिच्याखाली पेन्सिलींचे तुकडे, खोडरबर, चॉकलेटचे कागद निघतात. त्याच्याही खाली प्लायवूड किंवा पत्रा. इथे घाई करू नये. शाळेची बस रोज पाण्याने धुतली जाते, ते पाणी मॅटखाली मुरतं आणि फरशी खालून खात जातं. हातोडीने ठोकत पुढे सरकायचं. आवाज खणखणीत आला तर पत्रा ठीक आहे. भद्द आला तर तिथे पेचकस आरपार जाईल. पायऱ्यांजवळ, मागच्या चाकांवरच्या उंचवट्यांच्या कडेला आणि खिडक्यांखालच्या पट्टीत हा गंज हमखास सापडतो. ज्यांना जुनी बस घ्यायची आहे त्यांनी इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी या तीन जागा पाहाव्यात. इंजिन दुरुस्त होतं, बदलताही येतं. सांगाडा गेलेली बस मात्र भंगारच.

सांगाडा म्हणजे काय? चेसीवर आडवे चॅनेल, त्यांतून वर गेलेले खांब, खांबांना जोडणाऱ्या छताच्या कमानी आणि खिडक्यांखालून गाडीभर फिरणारी पट्टी. बाहेरचा पत्रा ही नुसती कातडी. शाळेच्या बसचा सांगाडा दणकट असावा, हा आग्रह अमेरिकेत १९३९ मध्ये पक्का झाला. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधले फ्रँक सायर यांनी त्या वर्षी देशभरच्या शिक्षण खात्यांची आणि बस बांधणाऱ्यांची बैठक भरवली. उंची, रुंदी, मधली वाट यांची मापं ठरली आणि पिवळा रंगही तिथेच नक्की झाला. जुन्या शाळाबसचं घर करण्याची प्रथा त्या देशात फोफावली, तिचं मूळ या दणकटपणात आहे. लेखक केन केसी यांनी १९६४ साली जी प्रसिद्ध रंगीबेरंगी बस विकत घेतली ती १९३९ ची शाळाबसच होती, आणि तिच्यात झोपायच्या फळ्या आधीच्या मालकाने आपल्या मोठ्या कुटुंबासाठी अगोदरच ठोकल्या होत्या. त्या कुटुंबाचं नाव फारसं कुणाच्या लक्षात नाही. मला मात्र या गोष्टीत तोच माणूस जवळचा वाटतो, कारण त्याने बस गाजवली नाही, वापरली.

बसचा सांगाडा बांधण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याला निघायचं ठरवलं तर शहरातच, चिकलठाण्याला, एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळ हिंगणा अशा एसटीच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळा. टाटाची किंवा लेलँडची उघडी चेसी आत जाते आणि बाहेर येते ती बस होऊन. महाराष्ट्रात एसटी धावू लागली १ जून १९४८ रोजी, पुणे ते अहमदनगर. तेव्हाच्या बेडफर्ड गाड्यांची बॉडी लाकडी होती आणि सीट काथ्याच्या. मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात १९३२ पासून निजामाच्या रेल्वे खात्याच्याच बस धावत होत्या. लाकडानंतर ॲल्युमिनियम आलं, रिव्हेट आले. अलीकडच्या काळात अपघातात ॲल्युमिनियमची बॉडी टिकत नाही म्हणून एसटी पोलादी बॉडीकडे वळली. २०१८ मध्ये पंढरपूरसाठी आलेली ‘विठाई’ बस याच बदलाच्या काळातली.

हे सांगण्याचं कारण असं की चाकांवरचं घर बांधायला लागणारे हात इथे आहेत. पत्रा वाकवणारा, कमान जोडणारा, रिव्हेट ठोकणारा, काचेची रबर पट्टी बसवणारा, वायरिंगवाला, कुशनवाला. घराची अंतर्गत सजावट करणारा सुतार कितीही चांगला असला तरी बस थरथरते हे त्याच्या हातांना ठाऊक नसतं. तो खिळे ठोकतो आणि ते हजार किलोमीटरमध्ये सैल होतात. बॉडी बांधणारा नटबोल्ट वापरतो, खाली स्प्रिंग वॉशर टाकतो आणि दोन पत्र्यांच्या मध्ये रबर ठेवतो. मी निवड करायची तर आधी बॉडीवाल्याकडे जाईन, सुताराला नंतर बोलवीन.

बसला दुसरा जन्म देण्याचे प्रयोगही आपल्याकडे झालेत, आणि चांगले झालेत. डोअर स्टेप स्कूल या संस्थेने १९९८ मध्ये मुंबईत बसमध्येच वर्ग भरवायला सुरुवात केली. सीटच्या जागी मुलं मांडी घालून बसू लागली, आणि रस्त्यावर राहणाऱ्या मुलांच्या दाराशी शाळा जाऊन उभी राहू लागली. पुण्यात राजीव खेर आणि उल्का सादलकर यांनी शहराच्या जुन्या बसमधून ‘ती’ नावाची स्त्रियांची स्वच्छतागृहं उभी केली. २०२० च्या टाळेबंदीत प्रवासी नव्हते तेव्हा एसटीने आपल्याच जुन्या गाड्यांच्या सीट काढून, खिडक्या पत्र्याने बंद करून त्यांचे मालवाहू ट्रक केले. यातली शाळा फिरते पण रात्री तिच्यात कुणी झोपत नाही. स्वच्छतागृहात नळ आणि मैलापाणी दोन्ही आहे, पण ती बस एका जागी उभी असते. घराला मात्र फिरायचंही असतं, झोपायचंही असतं आणि पाणीही लागतं. म्हणून ते सगळ्यात अवघड.

अवघडपणा वजनापासून सुरू होतो. चाळीस माणसं धरली तरी अडीच टनांहून जास्त भार वाहायला चेसी बनलेली असते. सीट निघाल्या की आणखी सूट मिळते. तेवढ्यावर मालक निर्धास्त होतो. मग १८ मिलिमीटरचं प्लायवूड येतं. आठ बाय चारचा एक ताव तीस-पस्तीस किलोचा. असे वीस ताव लागले की सहा-सातशे किलो तिथेच गेले. घरातल्या माणसांना ओटा ग्रॅनाइटचाच हवा असतो, आणि दोन सेंटिमीटर जाडीचा ग्रॅनाइट चौरस मीटरला पन्नास किलोंच्या वर भरतो. त्यापेक्षा स्टीलचा पत्रा घ्यावा, फडताळं पातळ प्लायची आणि ॲल्युमिनियमच्या चौकटीची करावीत. पाण्याची टाकी तीनशे लिटरची घेतली तर ते तीनशे किलो. ती कुठे ठेवायची? पुष्कळजण मोकळी जागा दिसते म्हणून अगदी मागे, मागच्या चाकांच्याही पलीकडे ठेवतात. तसं केलं की मागचा भाग दबतो, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंगचा रस्त्यावरचा धाक कमी होतो. टाकी पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये, फरशीच्या खाली, आणि आतून आडवे पडदे घातलेली हवी. अर्धी भरलेली टाकी ब्रेक दाबल्यावर पुढे धाव घेते, ती हे पडदे थोपवतात.

अजिंठ्याची वाट याची परीक्षा घ्यायला उत्तम आहे. फुलंब्री, सिल्लोड, गोळेगाव करत अजिंठा गावापर्यंत रस्ता पठारावरून जातो, आणि गाव ओलांडलं की घाट सुरू होतो. फर्दापूरला उतरेपर्यंत गाडी गिअरमध्येच ठेवावी लागते. न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्याने चाकांवर घर घेऊ नये. शाळेची बस रोज थोडं धावते आणि सारखी थांबते, म्हणून तिचं इंजिन दमलेलं नसतं पण क्लच आणि ब्रेक झिजलेले असतात. ड्रम उघडून लाइनर पाहिल्याशिवाय, कमानपाटे तपासल्याशिवाय अशा गाडीत पलंग टाकू नये.

दुसरी गोष्ट ऊन. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पलीकडे जातो, आणि एकेरी पत्र्याच्या छताखाली दुपारी बसवत नाही. छताला आतून नायट्राइल रबराचा किंवा फोमचा थर द्यावा, पण तो नुसता कमानींच्या मध्ये भरून भागत नाही. उष्णता पोलादी कमानींतूनही आत येते, म्हणून कमानींवरूनही थर जायला हवा. बाहेरून छत पांढरं रंगवावं. अमेरिकेच्या उष्ण राज्यांत पिवळ्या शाळाबसचं छत याच कारणासाठी पांढरं असतं. गाडी लावताना तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला करावं, म्हणजे लांबलचक बाजूंऐवजी छोटी बाजू संध्याकाळचं ऊन सोसते. खिडक्या सगळ्याच ठेवण्याचा मोह आवरावा. समोरासमोरच्या चार-पाच पुरे, बाकीच्या पत्र्याने बंद. उरलेल्यांना बारीक जाळी लावली की डास अडतात आणि वारा येतो.

विजेचं गणित अनेकांना नकोसं वाटतं, पण ते टळत नाही. छतावर ४०० वॉटचे सौर पॅनेल बसवले तर चांगल्या उन्हाच्या दिवशी दीडेक ते दोन युनिट वीज मिळते. कमी वीज खाणारा नवा पंखा तीस वॉटचा; दोन पंखे रात्रभर, चार दिवे, फोन, छोटा फ्रिज एवढं त्यात आरामात बसतं. दीड टनाचा एसी बसत नाही. त्याला एका रात्रीत सहा-आठ युनिट लागतात. म्हणजे एसी हवा तर बाहेरच्या विजेचा प्लग हवा, आणि प्लग हवा तर गाडी लावायला तशी जागा हवी. पॅनेलची चौकट छताच्या नुसत्या पत्र्यात भोक पाडून बसवू नये; कमानी कुठून जातात ते पाहून त्यांनाच जोडावी आणि प्रत्येक बोल्टभोवती सीलंट भरावं. पहिल्या पावसात गळणारी बस मी अनेकदा पाहिली आहे, आणि गळती जवळजवळ नेहमी माणसाने पाडलेल्या भोकातूनच असते.

गॅसच्या बाबतीत मात्र तडजोड नको. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर फरशीवर साचतो. वरच्या खिडक्या उघड्या असल्या तरी तो जात नाही. सिलिंडरचा कप्पा बाहेरून उघडणारा, आतून पूर्ण बंद आणि तळाला झडप नसलेलं मोकळं भोक असलेला असावा. शाळेच्या बसला संकटकालीन दार असतं. त्याच्यासमोर पलंग किंवा कपाट येणार असेल तर नकाशा बदलावा, दार नव्हे.

इतकं करून गाडी फर्दापूरला पोचली की टी पॉइंटला थांबते. लेण्यांपासून चार किलोमीटरवर खासगी वाहनं अडवली जातात आणि पुढे एसटीच्या बसने जावं लागतं. धुराने दीड-दोन हजार वर्षांच्या रंगांना इजा होऊ नये म्हणून केलेली ही व्यवस्था अगदी योग्य आहे. ज्या फर्दापुरात मुघल काळात वाटसरूंसाठी सराई बांधली गेली, तिथे आज घर घेऊन येणाऱ्याला हव्या असलेल्या गोष्टी मोजक्याच आहेत: सावली, पिण्याच्या पाण्याचा नळ, विजेचा प्लग आणि मैलापाणी सोडायला बंदिस्त टाकी. शेवटची सर्वांत महत्त्वाची. ती नसेल तर लोक वाघूर नदीच्या काठी मैलापाणी सोडतील, आणि मग अशा गाड्यांना कुणीच थारा देणार नाही.

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात अशा तळांचा विचार आहे. पण जुनी बस घेणाऱ्याची अडचण परिवहन कार्यालयात सुरू होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या रचनेत मनमानी बदल करता येत नाही; जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाही असं बजावलं. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे, पण ते कारखान्याने नमुना मंजूर करून घ्यावा अशा बेताचं. एकाच बसचं एकच घर करणारा माणूस त्यात कुठे बसवायचा? एसटीची जुनी गाडी लिलावात घ्यावी तर १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी आणि परिवहन महामंडळांच्या गाड्यांची नोंदणीच रद्द होते. शाळेची खासगी बस त्याआधीच, बरीच वर्षं शिल्लक असताना विकली जाते. म्हणून तिच्यावरच आशा.

सुरक्षेचे नियम सैल करा असं मी म्हणणार नाही. ग्रॅनाइटचा ओटा आणि मागे लटकलेली टाकी घेऊन घाट उतरणारी गाडी रस्त्यावर नकोच. पण एकेका गाडीची तपासणी करून मंजुरी देणारी खिडकी हवी. बदललेली बस वजनकाट्यावर न्यावी, पुढच्या आणि मागच्या चाकांवरचा भार वेगवेगळा मोजावा, ब्रेक, गॅसचा कप्पा, वायरिंग आणि बाहेर पडायची दारं पाहावीत, आणि जमलं तर नोंदणी पुस्तकात ‘कॅम्पर व्हॅन’ लिहून द्यावं. खर्च मालकाने भरावा. बॉडी समजणारी माणसं चिकलठाण्यात आहेतच; तपासणीचं एक केंद्र तिथेच सुरू करता येईल.