विद्यार्थ्यांचे परस्परसंपादन

संकल्पना

एका विद्यार्थ्याची कथा, कविता किंवा ललितलेख दुसऱ्या विद्यार्थ्याने वाचून पुनर्लेखनाला मदत करणे म्हणजे परस्परसंपादन. हे मुद्रितशोधन नव्हे. ऱ्हस्व-दीर्घ आणि विरामचिन्हे शेवटच्या खर्ड्यावर तपासली जातात. संपादन त्याच्या आधीचे. मजकुराचा क्रम, अनावश्यक भाग, वाचक अडखळतो त्या जागा हा त्याचा विषय. हा भेद प्रथम शिकवावा लागतो, कारण वहीवरची लाल शाई पाहतच मुले वाढलेली असतात आणि हाती मित्राची वही आली की तीही वेलांट्याच शोधतात.

पूर्वपीठिका

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाची लेखन-कार्यशाळा १९३६ साली सुरू झाली. तेथून रूढ झालेल्या पद्धतीत सहाध्यायी खर्ड्यावर चर्चा करतात आणि लेखक मौन पाळतो. अमेरिकी लेखन-अध्यापक पीटर एल्बो यांनी १९७३ मध्ये 'रायटिंग विदाउट टीचर्स' या पुस्तकात निराळी वाट दाखवली : वाचकाने निवाडा देऊ नये, वाचताना मनात काय घडत गेले ते सांगावे. शालेय वयाला हीच वाट मानवते. कारण 'सत्यकथा' या वाङ्मयीन मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत किंवा राम पटवर्धन लेखकाशी ज्या अधिकाराने बोलू शकत, तो अधिकार वर्गात कोणाकडेच नसतो. तेथे दोघेही शिकाऊ.

कार्यपद्धती

लेखक खर्डा मोठ्याने वाचतो. सोबती तीन गोष्टी लिहितो : काय लक्षात राहिले, कुठे गोंधळ झाला, काय आणखी हवे होते. प्रत्येक शेरा मजकुरातील नेमक्या जागेला जोडलेला असावा. समजा, एका कथेत वाक्ये आहेत : "मधूने तिकीट तिसऱ्यांदा खिशातून काढून पाहिले. त्याला खूप भीती वाटत होती." 'छान आहे' या शेऱ्याने लेखकाच्या हाती काहीच लागत नाही. 'तिकिटाच्या वाक्यातच भीती कळली' असा शेरा आला, तर दुसरे वाक्य ठेवायचे की गाळायचे, हे लेखक ठरवू शकतो. निर्णय त्याचाच राहतो. गंमत अशी, की या व्यवहारात संपादकाचा लाभ बहुधा मोठा असतो. दुसऱ्याच्या कथेतले फालतू वाक्य ओळखणारी नजर पुढे स्वतःच्या खर्ड्याकडेही वळते.

मर्यादा

मैत्रीत शेरे गुळमुळीत होतात, वैरात बोचरे. त्याहून गंभीर धोका बोलीचा. वऱ्हाडी किंवा मालवणी संवाद 'अशुद्ध' ठरवून प्रमाण भाषेत बदलले गेले, तर पात्र संपते. म्हणून बोलीतील संवादांना हात न लावण्याचा नियम आधीच सांगितलेला बरा. घरातील खाजगी दुःख लिहिलेला मजकूर वर्गात फिरवू नये. तो शिक्षकानेच वाचावा.

उपयोजन

शाळेचे हस्तलिखित किंवा भित्तिपत्रक ही या कामाची सर्वांत सोयीची जागा. तेथे वाचक खरा असतो आणि तारीखही ठरलेली असते. केवळ गुणांसाठी केलेले परस्परसंपादन मात्र पुन्हा वेलांट्यांवरच येऊन थांबते.