तीन सूर्यांचं बिऱ्हाड

परवा रात्री वीज गेली म्हणून आम्ही मायलेकी गच्चीवर बसलो होतो. लेकीने विचारलं, ''आई, दोन सूर्य असते तर पृथ्वी कुणाभोवती फिरली असती?'' मी ठोकून दिलं, ''दोघांच्या ओढाताणीत तिचा चुराच झाला असता!'' मग मलाच चैन पडेना. शोधून वाचलं, तर माझं उत्तर अर्धंच खरं निघालं.

आपली रोहिणी ज्या वृषभ राशीत दिसते ना, त्याच दिशेला सुमारे ४५० प्रकाशवर्षांवर जीजी टॉरी हे तरुण ताऱ्यांचं कुटुंब आहे. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही. त्यातल्या मुख्य जोडीभोवती वायू आणि धुळीचं मोठं कडं आहे. असल्या धुळीतूनच ग्रह घडतात. शिवाय मोठ्या ताऱ्याला स्वतःची एक छोटी तबकडी आहे. खरं तर ती ताऱ्याच्या पोटात जाऊन केव्हाच संपायला हवी होती. मग टिकली कशी?

२०१४ मध्ये फ्रान्सच्या ॲन दुत्रे आणि सहकाऱ्यांनी चिलीच्या वाळवंटातल्या आल्मा दुर्बिणीतून पाहिलं, तर बाहेरच्या कड्यातून वायूची धार आत येत होती! डब्यातलं पीठ सरत आलं की आपण पिंपातून भर घालतो, अगदी तसं. म्हणजे ग्रह घडायला उसंत मिळते.

त्याच सुमारास कळलं, की जोडीतला धाकटा ताराही खरा जुळाच आहे. त्या दोघांच्या ओढाताणीत मात्र मोठी तबकडी टिकत नाही. चला, तेवढी तरी माझी लाज राहिली!

लेकीला हे सांगितलं, तर म्हणते, ''म्हणजे तिथे सावल्या तीन-तीन पडतील?''

या खेपेला मी ठोकून दिलं नाही.